तिसरी दांडी

जावयानं सासुरवाडीला यावं, सासऱ्याच्या फोटोला नमस्कार करावा, गरम चार घास खावेत आणि लोडाला टेकून बसावं. आमचा निरंजन आला तो थेट टीव्हीच्या मागं शिरला. सकाळी आठपासून तोंड भिंतीकडं आणि बाकीचा देह आमच्याकडं. तीन वेळा चहा नेला, तिन्ही वेळा त्यावर साय धरली. पोहे मांजरानं हुंगून सोडले.

"जावईबापू, निदान तोंड तरी दाखवा," मी म्हटलं.

"दोनच मिनिटं, आई. मागच्या डाव्या स्पीकरची वायर उजव्याला गेलीय."

ही दोन मिनिटं त्यानं दहाव्यांदा मागितली होती. पण जावई पडला. पोटच्या पोराला मी सोलून काढलं असतं. जावयाला बोलायचं नाही, ही आमच्यातली रीत. लग्नाला चार वर्षं झाली होती, चार वर्षं जिभेला गाठ मारून बसले होते.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. माझी वैजू, वैजयंता, पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आली होती. त्या दिवशी दुपारी तिचं डोहाळजेवण होतं. निरंजन पुण्याहून येताना गाडी भरून खोकी घेऊन आला. पाच भोंगे, जमिनीवर ठेवायचा एक ठोकळा आणि या सगळ्यांच्या वरची एक जड काळी पेटी. त्या पेटीला म्हणायचं रिसीव्हर.

"ही काय करते?" मी विचारलं.

"सगळ्या वायरी हिच्याकडं येतात, आई. कुणी किती बोलायचं, कुणी गप्प बसायचं, हे ही ठरवते."

"मग आणायची काय गरज होती? या घरात ते काम मी करते."

वैजू हसली. माझा पोरगा भालू हसला. निरंजनला ऐकूच गेलं नाही.

आम्ही इचलकरंजीचे. घराला लागून सोळा यंत्रमागांची शेड होती. माझे मालक, वैजूचे वडील, गेले आणि भालूनं माग भंगारात घातले. शेडचा झाला दिवाणखाना. फरशी अशी गुळगुळीत, की माणूस चालताना देवाचं नाव घेतं. एका मागाच्या लोखंडाचा भालूनं टीव्ही ठेवायचा मांड करून घेतला, तेवढीच मागांची आठवण. अंगणात त्यानं सिमेंटचे ठोकळे बसवले. शेडच्या कोपऱ्याबाहेर मालकांनी खणलेला एक खड्डा होता, तोही त्या ठोकळ्यांखाली गेला. मी रोज सकाळी तिथं बादलीभर पाणी ओतायची. ठोकळ्यांवरून ते वाहून गटारीला जायचं, तरी ओतायची. शेजारणी म्हणायच्या, अक्कांचा देव आहे तिथं. मी म्हणायची, असेल. भालू म्हणायचा, "अक्का, घसरून पडशील. दगडाला कसली तहान?" मी बादली पालथी घालून आत जायची.

साडेदहाला निरंजन टीव्हीमागून बाहेर आला. हातात एक माईक, काडीपेटीएवढा. तो त्यानं कोचाच्या पाठीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला बांधला.

"आता कुणी बोलायचं नाही. पंखा बंद. प्रत्येक स्पीकरमधून आवाज येईल, माईक तो मोजेल आणि रिसीव्हर आपलं आपण जुळवून घेईल."

घर गप्प झालं. कोपऱ्यातल्या भोंग्यातनं सुंईऽऽ करत आवाज चढला, मग दुसऱ्यातनं, मग पाठीमागनं. एवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"गेलं!" निरंजननं कपाळावर हात मारला. "परत पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा माझ्या बांगड्या वाजल्या. तिसऱ्यांदा भालू शिंकला. चौथ्या वेळी मी दोन्ही हात पदरात गुंडाळून, श्वास धरून बसले. चाळीस वर्षांत हे घर असं गप्प बसवायला मला जमलं नाही, त्या काडीपेटीएवढ्या माईकला जमलं.

मोजणी झाली. निरंजननं गाणं लावलं. पण गाण्याच्या तळाशी दुसराच एक आवाज होता. घुंऽऽऽ. गाणं थांबवलं तरी तो थांबेना. जमिनीवरच्या ठोकळ्यातनं येत होता, घागरीत तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा.

तो आवाज मी ओळखत होते. मालक म्हणायचे, खड्डा तहानला की मशीन घुमतं.

"भालू," मी म्हटलं, "अंगणातले चार ठोकळे उचल. त्या कोपऱ्यात पाणी सोड."

"अक्का, पाहुण्यांसमोर सुरू करू नकोस तुझं."

निरंजननं कुणाला तरी फोन लावला. ऐकत गेला, हं हं करत गेला, मग हसला. "सोपं आहे," म्हणाला आणि पेटीच्या वायरीची पिन सॉकेटमधून उपसून त्यानं पक्कड मागितली. पिनेला तीन दांड्या होत्या. वरची जाड दांडी पक्कडीत धरून त्यानं पिळली, पुन्हा पिळली. कट्ट करून ती तुटली आणि फरशीवरून घरंगळत माझ्या पायाशी आली.

"ती कशाला मोडली?"

"ती जास्तीची असते, आई. तिच्यामुळंच आवाज येत होता."

दोन दांड्यांची पिन त्यानं सॉकेटात बसवली. घुमणं बंद. भालूनं टाळी वाजवली. निरंजननं पेटी ढकलून मांडात आत बसवली. जागा अंगासरशी होती, म्हणून खांद्यानं रेटा दिला. पेटी करकरत आत गेली. सगळ्यांनी वाहवा केली.

मी ती दांडी उचलली आणि पदराच्या शेवटाला गाठीत बांधली. जास्तीची वस्तू कुणी घडवत नाही, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. पण बोलले नाही. जावई.

घरात मशीन आलं की हळद-कुंकू लावायचं, ही मागवाल्यांची पद्धत. खंडेनवमीला सोळाही मागांना मी लावायची. वाटीत बोट बुडवलं आणि पेटीला टेकवलं. बोटातनं कोपरापर्यंत मुंग्या सरकल्या.

हात मागं घेतला. मालकांनी शिकवलं होतं तसा उलटा हात, बोटांची पाठ, मांडाच्या लोखंडाला हळूच लावली. पुन्हा मुंग्या.

"जावईबापू, ह्याच्यात करंट आहे."

निरंजन आला. पायात रबरी सपाता. सगळा पंजा त्यानं मांडावर ठेवला. "कुठं? काही नाही." भालूनं सतरंजीवर उभं राहून हात लावला. "काय न्हाई, अक्का. तुझी शुगर आहे ही. पायाला मुंग्या येतात म्हणून परवाच डॉक्टरकडं गेलीस की."

ते खरं होतं. मुंग्या मला रोज यायच्या, झोपेतसुद्धा. पण त्या तळपायात. ह्या बोटातनं वर चढल्या होत्या. का तसं मलाच वाटलं? मी अनवाणी, फरशीवर. तिसऱ्यांदा हात लावायला गेले आणि मला धीर झाला नाही.

"आई," वैजूनं मला स्वयंपाकघरात ओढलं. दबक्या आवाजात म्हणाली, "त्यांच्या आई येतील आता. त्यांच्यासमोर असलं काही बोलू नकोस. चार महिने पगारातनं बाजूला काढून त्यांनी ते आणलंय. माझ्यासाठी."

"बरं," मी म्हटलं. "मग तू पण तिथं हात लावू नकोस."

"आई!"

"पोटावर हात ठेवून सांग, लावणार नाहीस."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं म्हाताऱ्या माणसाकडं बघतात. पोटावर हात काही ठेवला नाही.

दोन वाजता विहीणबाई आल्या, कुमुदिनीबाई. नऊवारी इरकल, नाकात नथ, चेहऱ्यावर पुणं. गल्लीतल्या वीस-पंचवीस बायका जमल्या. वैजूला हिरवी साडी नेसवली, मोगऱ्याचे दागिने घातले, गजऱ्याचे बाजूबंद, कमरेला फुलांचा पट्टा. दृष्ट लागावी अशी पोरगी. आता बसवायची कुठं?

"टीव्हीसमोरच," निरंजन म्हणाला. "टीव्हीवर मी हिरवं शेत लावतो, वारा, पक्षी. आवाज चहूकडून येईल. फोटोत वाटेल, ती शेतातच बसलीय."

भालूनं लोखंडी खुर्ची आणली. पाठ टेकेल एवढी मांडाला चिकटवली. दोन्हीकडं केळीचे खुंट उभे केले आणि ते सरकू नयेत म्हणून तारेनं खुर्चीला आणि मांडाला बांधून टाकले. मी बघत होते. लोखंडाला लोखंड, त्याला तार.

"खुर्ची पुढं घ्या," मी म्हटलं. "पाट घ्या. लाकडी."

"पाटावर पोटुशीला उठताबसता येतं का?" विहीणबाई म्हणाल्या. "असू दे की, अक्का. निरंजननं सगळं जुळवून ठेवलंय."

"पाय धुवायचेत. पाणी सांडेल."

"मग पुसू. फरशी चांगली आहे तुमची."

आमच्यात ओटी भरायच्या आधी पोटुशीचे पाय धुतात. पितळी परात, त्यात दोन्ही पाय, सासूनं तांब्यानं पाणी घालायचं. म्हणजे पाय पाण्यात, पाठ लोखंडाला. हे सगळं मला एकटीला दिसत होतं आणि मी एकटीच अशी होते, की जिच्या हातापायांना खोट्या मुंग्या येतात.

वैजू बसायला निघाली. साडी जड, पोट जड. मी पुढं झाले.

"थांब. अगोदर देवाला नमस्कार कर."

"केला की, आई."

"मग तुळशीला."

विहीणबाईंनी भुवया चढवल्या. "अक्का, मुहूर्त टळेल. तुमच्या मनात नसेल तर तसं सांगा."

वीस-पंचवीस बायका. पुण्याची विहीण. चार महिने पैसे साठवणारा जावई. आणि मी कशाच्या जोरावर बोलायचं, तर एका बोटाच्या. माझ्या तोंडाला गल्ली भ्यायची, त्या दिवशी त्या तोंडातनं शब्द फुटेना. पायांखाली फरशी गार लागत होती.

टीव्हीवर शेत हललं. भोंग्यांतनं पक्षी ओरडले. परात आली. विहीणबाईंनी तांब्या उचलला, आधी मंगल म्हणून परातीभोवती पाण्याची धार फिरवली. ती धार फरशीवरून वळवळत मांडाच्या पायाकडं गेली आणि तिथं थांबली. वैजूनं त्या ओलीत पाऊल टाकलं, तोल सावरायला हात मागं, खुर्चीच्या पाठीकडं नेला.

मी कशी धावले आठवत नाही. दाराजवळ शेडचा जुना बोर्ड होता. त्याचा मुख्य फ्यूज मी मुठीत धरला आणि उपटला.

पक्षी मेले. शेत मेलं. पंखे फिरत फिरत थांबले. वैजूचा हात खुर्चीवर होता, आणि ती मला बघत होती.

"अगं बाई!" विहीणबाईंच्या हातातला तांब्या परातीत आपटला. "ऐन ओटीला असा अपशकुन! कुणी केलं हे?"

"मी," मी म्हटलं. फ्यूज मी पदराखाली घेतला. "भालू, वैजूला तिथनं बाजूला घे. मग जा आणि बाबालालला घेऊन ये."

बाबालाल आमचा जुना जॉबर, मागांची दुरुस्ती करणारा. माग गेले तसा तो घरीच होता.

निरंजन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा लाल. "आई, द्या तो फ्यूज. सगळ्यांसमोर तमाशा झाला तेवढा पुरे."

"देत न्हाई."

"आई, मी इंजिनिअर आहे."

"मी मागवाल्याची बायको आहे. हात लावायचा न्हाई बोर्डाला."

चार वर्षांत त्याच्याशी मी पहिल्यांदाच असं बोलले. तो मागं सरला. विहीणबाई दिवाणावर जाऊन बसल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या. "वय झालं की होतं असं," त्या शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं. वैजू रडत होती. तिच्या कानातली मोगऱ्याची फुलं हलत होती.

बाबालाल यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी देवाला दोन्ही मागून झाले. करंट नसू दे, म्हणजे माझी पोरगी मरणाच्या दारात बसली नव्हती असं होईल. करंट असू दे, नाहीतर आजपासून या घरात मला कुणी तोंड उघडू देणार नाही. कुठलं मागणं अगोदर केलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बाबालाल आला. होल्डरात बल्ब, होल्डराला दोन लांब वायरी, एवढीच त्याची हत्यारं. त्यानं मांडाकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, बायकांना पार भिंतीला जाऊन उभं राहायला सांगितलं. एक वायर हात धुवायच्या नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळली. दुसरीचं टोक लाकडी काठीला बांधून लांबनं खुर्चीच्या पाठीवर ठेवलं, वैजूनं हात ठेवला होता तिथंच.

"अक्का, लावा फ्यूज."

मी फ्यूज बसवला.

बल्ब लख्ख पेटला.

त्याच क्षणी भोंग्यांतनं पक्षी ओरडले, वारा सुटला, टीव्हीवरचं शेत हललं. बल्ब जळत राहिला. भर दुपारी एवढा उजेड मी कधी बघितला नव्हता.

"काढा," बाबालाल म्हणाला.

फ्यूज निघाल्यावर त्यानं पेटी मांडातनं बाहेर ओढली. वायर मागं सापडली होती. मांडाची धार आणि पेटीचं पत्र्याचं अंग यांच्या मधे चेंगरून तिची कातडी फाटलेली, आत तांबं दिसत होतं. त्यानं पिन उचलली. दोन दांड्या बघितल्या आणि वर बघितलं.

"तिसरी कुठं गेली? ती असती आणि अंगणातली माती ओली असती, तर वायर चेंगरल्या चेंगरल्या फ्यूज उडाला असता. करंट जमिनीत गेला असता की, राव. ही कुणी मोडली?"

विहीणबाईंनी लेकाकडं बघितलं. निरंजनचं तोंड पांढरं पडलं होतं. तो खुर्चीकडं बघत होता, मग वैजूच्या ओल्या पावलांकडं. भिंतीला पाठ घासत तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं.

ओटी भरली. माजघरात, लाकडी पाटावर, गाण्याशिवाय. विहीणबाईंनी पाय धुतले. जाताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, तरी केला. मी करू दिला.

ऊन उतरल्यावर भालूनं न बोलता पहार घेतली आणि कोपऱ्यातले ठोकळे उचकटले. खालची माती राखेसारखी कोरडी होती. मी विहिरीवरून बादली भरून आणली आणि निरंजनला हाक मारली.

तो आला. डोळे सुजलेले. माझ्या पायाला हात लावायला वाकला, मी पाय मागं घेतला.

"इथं कोळसा आणि मीठ घालून तांब्याची पट्टी पुरलीय," मी म्हटलं. "घरातली तिसरी दांडी हिच्याशी येऊन मिळते. माती ओली असेल तर करंट इथं उतरतो. कोरडी असेल तर तो माणूस शोधतो."

"लोक म्हणतात इथं देव..."

"लोकांना म्हणू दिलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं."

मग मी त्याला गोदाचं सांगितलं. कुणाला कधी सांगितलं नव्हतं, मालकांनाही नाही. माग चालू होते तेव्हा, एका चैत्रात मालक मला कामगारांदेखत अडाणी म्हणाले होते. या खड्ड्यात रोज पाणी घालायचं काम माझं. म्हटलं, अडाणी बाई पाणी घालत नाही, शहाण्यांनी घालावं. अकरा दिवस घातलं नाही. मशीन घुमायला लागलं, ते मी ऐकत होते. बाराव्या दिवशी सुताच्या कांड्या भरणारी गोदा ओल्या हातानं मशीनला चिकटली. एकवीस वर्षांची. पंचनाम्यात लिहिलं, मशीन जुनं होतं. मी त्याच संध्याकाळी पाणी घातलं, आणि तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही.

निरंजन ऐकत उभा होता. मग म्हणाला, "आई, मला माफ करा."

पदराची गाठ सोडून मी ती दांडी काढली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटवली. आयुष्यात पहिल्यांदा मी जावयाला अरेतुरे केलं.

"ऐक, निरंजन. तुझ्या हातनं जे घडता घडता राहिलं, ते माझ्या हातनं घडून गेलंय. तू शिकलेला म्हणून ऐकलं नाहीस, मला अडाणी म्हटलेलं सोसलं नाही. मला माफ करायला गोदा परत आली नाही, म्हणून मी तुला माफ करणार नाही. वैजूचं बाळंतपण होऊन ती पुण्याला जाईपर्यंत तू इथंच राहायचं आणि रोज सकाळी इथं पाणी घालायचं. कुणी विचारलं तर देव आहे म्हणून सांगायचं नाही, खरं सांगायचं. आता बादली उचल."